घर पाहायचंय? मग भर उन्हात जा

रविवार, सकाळी दहा-साडेदहा. नाश्ता आटोपून एक गाडी आणि मागे दोन मोटारसायकली अशी मंडळी घर पाहायला निघतात. विकणाऱ्याचा माणूसही त्याच वेळेला बोलावतो. तेव्हा ऊन तापलेलं नसतं, जिना धुऊन ठेवलेला असतो, टाकी भरलेली असते. अशा वेळी कुठलंही घर बरंच दिसतं.

मी जळगावात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते. सिव्हिलचा डिप्लोमा झाल्यापासून हेच काम. त्यामुळे नात्यात कुणाला घर घ्यायचं झालं की "ताई, जरा चल ना सोबत" असा फोन येतोच. मी आनंदाने जाते, पण वेळ मी ठरवते. उन्हाळा असेल तर दुपारी चारला. पावसाळा असेल तर मोठी सर येऊन गेल्यावर तासाभरात. जन्माची कमाई घालून, वर वीस वर्षांचे हप्ते डोक्यावर घेऊन जे घर घ्यायचं, ते त्याच्या पडत्या वेळी पाहिलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे. बाकी सगळं या एका गोष्टीतून येतं.

आपल्याकडे खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घराचं बुकिंग करायची मोठी हौस. साडेतीन मुहूर्तांपैकी एक मुहूर्त, माहेरवाशिणी घरी आलेल्या, शेतीचे पैसे हातात, आणि बिल्डरांच्या ऑफर्सही त्याच सुमारास येतात. मुहूर्त जरूर साधावा. पण आखाजीला सौदा करायचा असेल तर पाहणी आदल्या पावसाळ्यात सुरू करा आणि शेवटची फेरी चैत्राच्या उन्हात मारा. सणाच्या दिवशी पहिल्यांदा घर पाहून त्याच दिवशी पैसे देऊन येणारी माणसं मला माहीत आहेत. त्यांची घाई मला समजते, पण पटत नाही.

निघण्याआधी

नवीन प्रकल्प असेल तर जाहिरातीवर महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा, नोंदणी क्रमांक असतो, पी अक्षराने सुरू होणारा. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही छापावा लागतो. तो घरीच मोबाइलने स्कॅन करा. किती घरं आहेत, किती विकली गेली, ताबा कधी देणार असं लिहून दिलंय, जमिनीवर कुणाचं कर्ज आहे का, हे सगळं तिथे दिसतं. तिथली ताब्याची तारीख वहीत लिहून न्या आणि जागेवर गेल्यावर माणसाला तोंडी विचारा. दोन उत्तरांत वर्षाचा फरक आला तर पुढचं बोलणं त्या फरकावरच होऊ द्या. जागा ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा घरं आठपर्यंत असतील तर नोंदणीतून सूट आहे. चार-सहा रो हाउसची कामं या सुटीत बसतात. तिथे तपासणीचं सगळं ओझं आपल्यावर आलं असं समजा.

पिशवीत पाच मीटरचा टेप, मोबाइलचा चार्जर, एक रुपयाचं नाणं, खेळायची एक गोटी, पाण्याची पारदर्शक रिकामी बाटली आणि वही घ्या. टॉर्च मोबाइलमध्ये असतोच.

सोबत कोण न्यायचं याचा विचार फार कमी लोक करतात. ज्या बाईला त्या ओट्यापाशी रोज उभं राहायचंय ती आलीच पाहिजे. घरात वयस्कर माणूस असेल तर त्यांनाही एकदा आणा आणि जिना चढू द्या. बाकी काका-मामा नंतर आले तरी चालतील. आठ-दहा जण गेले की गप्पा होतात, घर पाहायचं राहून जातं.

ऊन

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हे कुणाला सांगायला नको. पण घर कुठून तापतं हे समजून घ्या. जळगाव-भुसावळ २१ अक्षांशावर आहेत. मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. म्हणजे घराला सगळ्यात मोठा मार वरून, स्लॅबवर बसतो. त्याखालोखाल पश्चिमेच्या भिंतीवर. दक्षिणेची भिंत ऐन उन्हाळ्यात फारशी तापत नाही, आणि थंडीत सूर्य दक्षिणेला कलतो तेव्हा त्याच बाजूने घरात ऊब येते. दक्षिणेचं दार म्हटलं की लोक पाय मागे घेतात. ज्याची त्याची श्रद्धा, त्यावर मी बोलत नाही. पण तापण्याचा हिशोब केला तर मला भीती वाटते ती पश्चिमेची.

दुपारी चारला गेलात की पश्चिमेच्या खोलीत जा आणि बाहेरच्या भिंतीला आतून तळहात टेकवा. मग त्याच खोलीतल्या, दोन खोल्यांमधल्या भिंतीला टेकवा. फरक हाताला लगेच कळतो. मग खिडकीपाशी टेप धरा आणि भिंतीची जाडी मोजा, आतल्या प्लॅस्टरपासून बाहेरच्या प्लॅस्टरपर्यंत. साडेपाच इंचांच्या आसपास भरली तर ती चार इंची भिंत. सात-साडेसात असेल तर सहा इंची. जुन्या घरात दहा-साडेदहा मिळाली तर ती नऊ इंची, आणि ते घर पुन्हा एकदा नीट पाहण्यासारखं आहे. बाहेरच्या बाजूला, त्यातही पश्चिमेला, चार इंची भिंत असेल तर मी तिथेच नको म्हणते. ते घर रात्री अकरापर्यंत थंड होत नाही.

गेल्या उन्हाळ्यात नणंदेसाठी भुसावळला एक फ्लॅट पाहायला गेलो. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. सर्वांत वरचा मजला, हॉल प्रशस्त, फरशी चकचकीत, आणि एसी आधीपासून लावून ठेवलेला. दाखवणारा मुलगा फार सालस होता. त्याने थंडगार पाणी दिलं, सरबत आणायला माणूस पाठवला. मी म्हटलं, "दादा, तेवढा एसी बंद करा आणि पंखा लावा. आपण इथेच बसून बोलू." भावाचं बोलणं निघालं, मेन्टेनन्स किती, पार्किंग कुठलं. दहा मिनिटांत अक्का पदराने मान पुसायला लागल्या. पंखा वरची गरम हवा खाली ढकलत होता. त्या उठल्या, बेडरूममध्ये जाऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "इथे रात्री झोप कशी लागेल गं?" तो प्रश्न मी विचारला असता तर एजंटने समजूत काढली असती. त्यांनी स्वतः विचारला म्हणून त्याचं उत्तरही त्यांचं त्यांनीच दिलं.

वरचा मजला घ्यायचाच नाही असं मी म्हणत नाही. वारा वरच लागतो, डोक्यावर कुणाचे पाय वाजत नाहीत. मात्र गच्चीवर जाऊन बघा. पांढरा चायना मोझॅक, म्हणजे फरशीच्या तुकड्यांचा थर, असेल, स्लॅबखाली थोडं अंतर सोडून फॉल्स सीलिंग असेल तर पुष्कळ फरक पडतो. उघडा काळपट कोबा असेल तर त्याचा खर्च तुमच्या हिशोबात धरा आणि भावातून कमी करायला सांगा. शक्य असेल तर रात्री नऊला पुन्हा एक चक्कर टाका. दिवसभर तापलेला स्लॅब तेव्हा उष्णता खाली सोडत असतो, आणि झोपायची वेळही तीच.

कुलरचं फार लोक बघत नाहीत, आणि आपल्या भागात तर कुलरशिवाय घर नाही. कुलर खिडकीबाहेर बसेल अशी जागा पाहिजे, जवळ विजेचा पॉइंट पाहिजे, पाणी भरायला हात पोचला पाहिजे, आणि गळालेलं पाणी खालच्यांच्या गॅलरीत पडता कामा नये. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुलर जेवढी हवा आत घेतो तेवढी बाहेर जायला समोरच्या बाजूला वाट पाहिजे. एकाच बाजूला खिडक्या असलेल्या घरात कुलर तासभर चालला की सगळं दमट होतं, अंग चिकचिकतं आणि मीठ ओलं होतं. म्हणून प्रत्येक खोलीत उभं राहून स्वतःला विचारा, वारा कुठून येणार आणि कुठून जाणार?

काळी माती

कापूस आणि केळी पिकवणारी आपली काळी माती घराच्या पायासाठी कठीण. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराखालीही तेच चालतं. म्हणून पाया काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खाली नेलाय का, हे विचारायचंच. "हो ताई, पक्कं काम आहे" हे उत्तर धरू नका. किती फूट खोदलं, मुरूम किती फुटांवर लागला, प्लिंथच्या, म्हणजे जोत्याच्या, पातळीला बीम आहे का, जोत्यात भरणी कशाची केली, असं विचारा. ज्याने काम केलंय त्याला आकडे पाठ असतात. शेजारच्या प्लॉटवर खोदकाम चालू असेल तर तिथे डोकावा, काळी माती किती खोल आहे ते आयतंच दिसेल.

बांधून झालेल्या घरात भेगा वाचायच्या. प्लॅस्टरवर केसाएवढ्या बारीक भेगांचं जाळं असेल तर घाबरू नका, ते पाणी कमी मारल्यामुळे येतं. बीमच्या खाली सरळ आडवी भेग किंवा कॉलमला लागून उभी भेग, हीदेखील पुष्कळ घरांत सापडते. काँक्रीट आणि वीट वेगवेगळी हालतात म्हणून ती येते, आणि जाळी मारून दुरुस्त होते. मला धास्ती वाटते ती तिरक्या भेगेची. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून निघून पायऱ्यापायऱ्यांनी खाली किंवा वर जाणारी, एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला रुंद. ती बाहेरच्या बाजूनेही त्याच जागी दिसली तर पाया खचतोय असं समजा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. सगळ्या भिंती जुन्या रंगाच्या आणि एकच पट्टा नव्याने लांबी (पुट्टी) भरून रंगवलेला असेल तर तिथे काय होतं ते थेट विचारा.

प्रत्येक दार लावून बघा, प्रत्येक. घर हललं की चौकट हलते, आणि दार घासायला लागतं किंवा कडी बसत नाही. बाहेर घराभोवतीचा कोबा जोत्यापासून सुटलाय का ते पाहा. बोटभर फट असेल तर पावसाचं पाणी सरळ पायात उतरतंय.

पावसाळ्यातली फेरी मुख्यतः रस्त्यासाठी आणि उतारासाठी. नव्या प्लॉटिंगमध्ये डांबर बऱ्याचदा फलकापर्यंतच असतं. पुढे काळ्या मातीत मोटारसायकलचं चाक रुततं, शाळेची रिक्षा आत यायला तयार नसते. गाडी बाहेर लावा आणि प्लॉटपर्यंत पायी जा. पाणी कुठून येतंय, कुठे साचतंय, हे पाहा. कंपाउंडच्या भिंतीवर खालून फूट-दीड फुटावर पांढरट रेघ दिसली, पोपडे सुटलेले दिसले, तर तो लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर आलेला क्षार, आहे आणि तिथपर्यंत ओल चढते. उन्हाळ्यात गेलात तरी ही रेघ दिसते. कपाटाच्या मागे, बेसिनखाली, बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीवर टॉर्च मारा.

पाणी

धुळ्याला देवपुरात भाच्यासाठी रो हाउस पाहत होतो. घर छान, एजंट सांगत होता की पाण्याचं काहीच टेन्शन नाही. मी मागच्या गल्लीत गेले. एक आजी ओसरीवर बसून धान्य निवडत होत्या. त्यांना आमच्या अहिराणी बोलीत विचारलं, "पानी येस का व माय?" त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि सगळं सांगितलं. नळ किती दिवसांआड येतो, रात्री किती वाजता येतो, मोटर लावल्याशिवाय वर चढतं की नाही, कुणाच्या बोअरला उन्हाळ्यातही पाणी असतं. तेवढ्या माहितीवर भाच्याने भावात बोलणी केली आणि टाकी वाढवून घेतली. बायकांना विचारा. रात्री उठून पाणी त्याच भरतात.

टाकीचा हिशोब सोपा आहे, तो जागेवरच करा. माणशी दिवसाला १३५ लिटर हा इमारतींसाठी धरला जाणारा आकडा. पाच जणांच्या घराला ६७५ लिटर. बारा फ्लॅटच्या इमारतीला ८,१०० लिटर. नळ तीन दिवसांनी येत असेल तर २४,३०० लिटर साठवता आलं पाहिजे. आता खालच्या टाकीचं झाकण उघडायला सांगा आणि मापं विचारा. १० फूट लांब, ८ फूट रुंद, ६ फूट खोल म्हणजे ४८० घनफूट. एका घनफुटात २८ लिटरच्या थोडं वर पाणी मावतं, म्हणजे साडेतेरा हजार लिटर. त्यात गच्चीवरच्या टाक्या धरा. तरी कमी पडत असेल तर बाकीचं पाणी टँकरने येणार, आणि टँकरचा पैसा मेन्टेनन्समध्ये तुम्ही देणार.

बोअरचं पाणी असेल तर बाटली भरून घ्या आणि घरी आणून पातेल्यात आटवा. तळाशी पांढरा थर किती बसतो ते दिसेल. नाहीतर तिथल्याच नळाची तोटी आणि शॉवरची जाळी बघा. पांढरी खरखरीत पुटं चढलेली असतील तर तेच क्षार गीझरमध्ये आणि तुमच्या डाळीत जाणार. पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं पेनासारखं टीडीएस मीटर स्वस्तात मिळतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं धरलंय, आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० ची मर्यादा. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही ही तक्रार तुम्ही घरोघरी ऐकली असेलच.

बाथरूममध्ये एक बादली ओता आणि थांबा. पाणी जाळीकडे जातं की कोपऱ्यात उभं राहतं? गॅलरीत आणि धुण्याच्या जागेत गोटी ठेवून बघा. नाण्याने फरश्या ठोकत जा, पोकळ आवाज आला तर खाली माल नीट भरलेला नाही. चार्जर प्रत्येक पॉइंटला लावून बघा. ही कामं दहा मिनिटांची आहेत.

सॅम्पल फ्लॅटमध्ये

सजवलेल्या घरात पलंग मोजा. आपला डबलबेड सहा फूट बाय सव्वासहा फूट असतो. तिथे ठेवलेला कितीचा आहे ते टेपने बघा. मी पाच फुटांचे पलंग पाहिलेत, आणि त्यामुळे दहा बाय दहाची खोली ऐसपैस वाटते. दारं काढून ठेवलेली असतात. दार असतं तर ते कुठे उघडलं असतं आणि कपाट कुठे राहिलं असतं याचा विचार करा. आपल्या लोखंडी कपाटाला तीन फूट जागा आणि समोर दार उघडायला तेवढीच मोकळी जागा लागते. आणि "आमचा फ्लॅट हाच का?" हे विचारा. सॅम्पल पूर्वेचा आणि तुमचा पश्चिमेचा असेल तर वर लिहिलेलं सगळं वेगळं होतं. तुमच्या मजल्यावर, तुमच्या कोपऱ्यात नेऊन दाखवायला सांगा, काम चालू असेल तरी हेल्मेट घालून जा.

क्षेत्रफळाचं बोलणं कार्पेटवरच करा. भिंतींच्या आतली, खरोखर पाय ठेवायची जागा. रेरा कायद्याने विक्री कार्पेटवरच करायची आहे. सुपर बिल्टअपचा, म्हणजे जिना-लिफ्टचा वाटा धरलेला, आकडा सांगितला तर नम्रपणे म्हणा, "भाऊ, कार्पेट सांगा." मग एक तरी खोली मोजा आणि नकाशाशी ताडून बघा. चौरस मीटरला १०.७६ ने गुणलं की चौरस फूट.

स्वयंपाकघरात ओट्यापाशी बाईने प्रत्यक्ष उभं राहावं, पोळ्या लाटल्यासारखे हात चालवून बघावेत. ओटा उंच-नीच असेल तर दोन वर्षांत पाठ धरते. आपल्याकडे वर्षाचा गहू, दादर ज्वारी, तूरडाळ एकदम भरून ठेवायची पद्धत अजून मोडलेली नाही. कोठ्या कुठे बसणार? शहरी नकाशात त्यांना जागाच नसते. मी नकाशा काढताना स्वयंपाकघराला लागून चार बाय सहाची तरी कोठीची खोली मागून घेते, आणि ज्या घरात ती असते त्या घराची गृहिणी मला हमखास दुवा देते.

आणि गच्ची. हे मी ठळकपणे सांगते, कारण या मुद्द्यावरून सख्खे शेजारी अबोला धरतात. बिबड्या, कुरडया, पापड वाळवायचे गच्चीवर. थंडीत भरितासाठी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची गच्चीवर. आखाजीला खापरावरचे मांडे करायचे तर चूल मांडणार तिथेच. उन्हाळ्यात वीज गेली की अंथरूणंही तिथेच. म्हणून इमारतीत घर घेताना आधी विचारा, गच्ची सगळ्यांची सामाईक की वरच्या मजल्याच्या मालकाला विकलेली? किल्ली कुणाकडे असते? धूर चालतो का? "चालतं हो, कोण काय म्हणणार" हे उत्तर नको, लेखी करारात गच्चीबद्दल काय लिहिलंय ते वाचा. रो हाउस असेल तर चुलीसाठी मागे मोकळी जागा आहे का बघा. पुष्कळ ठिकाणी मागची सामासिक अंतराची, म्हणजे नियमाने सोडायची, जागा पत्रे टाकून बंद केलेली असते. ती जागा मंजूर नकाशात मोकळीच आहे, आणि पत्र्याखालची खोली दाखवून कुणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका.

माणसं राहत असलेलं घर

जुनं घर पाहताना ते कुणाचं तरी घर आहे हे विसरू नका. चपला बाहेर काढा, चहा आला तर घ्या, देवघरात विचारून जा. उणिवा तिथे मोठ्याने बोलू नका, वहीत लिहा. बरीच घरं वाटणीमुळे किंवा आई-वडील गेल्यामुळे विकायला निघतात, त्यांना ऐकताना यातना होतात. पण का विकताय हे आदराने विचाराच. उत्तरात तीन भावांची नावं आली तर तिघांच्याही सह्या लागणार, आणि बहिणींच्याही. मुलींचा हक्क सोडून दिल्याचं नोंदवलेलं कागदपत्र आहे का ते बघा.

निघताना समोरच्या दुकानात काहीतरी घ्या आणि दोन शब्द बोला. रेल्वेरुळाजवळचं घर असेल तर एक गाडी जाईपर्यंत आत थांबा. भुसावळची मंडळी म्हणतील सवय होते. त्यांना झालेली असते. दीपनगरच्या बाजूला असाल तर खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवून बघा, वीजकेंद्राकडून राख येते का ते तिथेच कळेल.

कागद

कागदांचं काम वकिलाचं, त्यात काटकसर करू नका. मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा शोध घ्यायला सांगा. तुम्ही स्वतः एवढं तरी पाहा. प्लॉट असेल तर सातबारा, बिनशेतीचा आदेश आणि मंजूर ले-आउट. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ लिहिलं असेल तर परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. इतर हक्कांच्या रकान्यात विकास सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाचा बोजा दिसू शकतो. नंदुरबारकडे आणि सातपुड्याच्या पायथ्याला जमीन मूळ आदिवासीची आहे का हे आवर्जून बघा. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ नुसार ती परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही, आणि तसा कायदा असणं योग्यच आहे. ले-आउटमधली ओपन स्पेस नकाशावर शोधा आणि जागेवर जाऊन उभे राहा. तिथे कुणाचं घर उभं असेल तर पुढे जाऊ नका.

तयार घराला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला परवानगी देणारा दाखला, मागा. ते असलेल्या नव्या फ्लॅटवर जीएसटी नाही. बांधकाम चालू असलेल्या घरावर आपल्यासारख्या शहरांत ४५ लाखांपर्यंत आणि ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंत १ टक्का, त्यापुढे ५ टक्के. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते. ३० लाखांच्या घरात ते ३० हजार होतात, आणि नावावर घर असण्याचं मोल वेगळंच. मी भेटेल त्या प्रत्येक जोडप्याला हे सांगते.

इसार

पाहिलं त्या दिवशी पैसे देऊ नका. "आणखी दोन पार्ट्या बघून गेल्यात" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकायला मिळतं, ते ऐकून घ्या आणि घरी जा. वही उघडा. ज्या घरांची फेरी उन्हात आणि पावसात दोन्ही झाली ती एका बाजूला काढा, आणि त्यांतल्या प्रत्येकाचा दुरुस्तीचा खर्च भावात मिळवून मग तुलना करा.

पैसे द्यायचे ठरले की चेकने किंवा बँकेतूनच द्या आणि इसारपावती करून घ्या. रेरात नोंदलेल्या प्रकल्पात नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिनपैशाने दुरुस्त करून देणंही त्याच्यावर बंधनकारक आहे, म्हणून ताब्याचं पत्र जपून ठेवा. इसारपावतीवर फ्लॅट नंबर, मजला, कार्पेट, पार्किंगचा नंबर, ठरलेला एकूण भाव आणि त्यात काय काय आलं ते लिहा. बँकेने कर्ज नाकारलं किंवा कागदांत बोजा निघाला तर किती दिवसांत पैसे परत मिळणार, हेही त्यातच लिहून घ्या. कुलरचा पॉइंट, टाकी वाढवणं, गच्चीवरचा पांढरा मोझॅक असं जे तोंडी कबूल झालंय ते एकेक करून खाली लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या.